छान म्हणायचं नाही

आमचे शेजारी नत्थूजी कुंपणालगत अकरा कुंड्या सांभाळतात आणि एकाही फुलाचा वास घेत नाहीत. वास दुसऱ्यांनी घ्यायचा. दूधवाला, मीटरचं रीडिंग घेणारा, पत्ता चुकलेला पाहुणा, कोणीही चालतो. नत्थूजी फूल त्याच्या नाकापुढे धरतात आणि म्हणतात, "सांगा."

'छान' हे उत्तर चालत नाही. बाभुळगावच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी तीस वर्षं कापसाची प्रतवारी केली. "कापसाले नुसतं छान म्हणलं असतं, तं मालकानं मले दुपारीच घरी धाडलं असतं." मी जुईचा वास मंद आणि मोहक असल्याचं सांगून पाहिलं. "हे तं तुमच्या पेपरातलं झालं, भाऊ." मी पेपरातच नोकरी केली असल्यामुळे वाद वाढवला नाही.

नवं झाड आलं की त्याची परीक्षा. तीन जणांनी त्याचा वास आधीच्या झाडांहून वेगळा सांगितला, तर ते कुंपणाशी राहतं. नाही तर स्कूटरवर त्यांच्या पायांशी उभं राहून नर्सरीत परत जातं. रातराणी अशीच गेली. तिघांनीही फक्त डोकं दुखत असल्याचं सांगितलं. त्या फेरीला मी बरोबर होतो. नर्सरीवाला वैतागून म्हणाला, काका, एकदा तुम्हीच वास घेऊन पसंत करा ना. नत्थूजी गंभीरपणे म्हणाले, "मी घेतला तं पक्षपात होईन."

गेल्या वर्षी माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा परत आली होती. डॉक्टर म्हणाले, त्यांना बोलतं ठेवा. पण शब्द अडखळतो म्हणून आई बोलेनाशी झाली. जेवतेस का, दुखतं का, सगळ्याला मान. तिचं बोलणं आता एवढ्यावरच थांबणार, अशी मला धास्ती होती. सकाळी तिची खुर्ची आम्ही उन्हात, कुंपणाजवळ ठेवायचो.

नत्थूजींनी तारेतून मरव्याची काडी पुढे केली. "सांगा, वैनी." आईने मान हलवली. "मानेनं मले काय समजते?" आठ दिवस हेच चाललं. तिला त्रास नको, असं मी सांगून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही.

मग त्यांनी हिरवा चाफा आणला. त्याचं फूल पानांच्याच रंगाचं. डोळ्यांना सापडत नाही, वासानेच शोधावं लागतं. एका सकाळी नत्थूजी कुंडीशी वाकून एकेक पान उलटत होते. झाड फुललं की नाही, हे त्यांना कळत नव्हतं. आई बराच वेळ पाहत राहिली.

"फुललं," ती म्हणाली. मग थांबत थांबत, "पिकलं केळं... डब्यात राहिलेलं."

नत्थूजी सरळ झाले. "कोणत्या डब्यात?"

"शाळेच्या."

"आता समजलं," नत्थूजी म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी मला सांगितलं. जिनिंगमधल्या कापसाच्या धुळीने त्यांचं नाक चाळिशीतच गेलं होतं, कसलाच वास येत नव्हता. बायको होती तोवर रोज सकाळी ती फुलं हुंगायची आणि वास कसा आहे ते त्यांना समजावून द्यायची. छान म्हणून ती कधी मोकळी झाली नाही. ती गेल्यावरही झाडं फुलत होती. सांगणारं घरात कोणी नव्हतं.

आता आई सांगते. वाक्यं हळूहळू लांबत आहेत. मोगऱ्याचा वास तिच्या मते नुकत्याच इस्त्री केलेल्या पातळाचा आहे. नापास झालेली रातराणीही तिने परत आणायला लावली.

एकदा मी कुंपणाशी जाऊन नत्थूजींचे आभार मानू लागलो. आठ दिवस त्यांना अडवू पाहत होतो, तेही कबूल केलं.

"आभार कायचे, भाऊ? मलेच आता वास समजून राह्यला."

मागून खुर्चीतून आई म्हणाली, "मरवा राहिला."

नत्थूजी काडी खुडायला वळले.