आप्पांच्या घरातला विरोधी पक्ष

न्हावऱ्यात आप्पा कुणालाही अहो-जाहो करत नाहीत. पुढाऱ्याला 'ये रं', बँकेच्या साहेबाला 'बस की', आणि साठी गाठलेल्या मला 'ए दुकानदारा'. मान मिळतो तो फक्त एकीला, त्यांच्या फाटक्या कानाच्या करड्या म्हाताऱ्या मांजरीला. "बाई, दूध घ्या. बाई, लई ऊन हाय, भाईर जाऊ नका." नव्या माणसाला वाटतं, आत पंचायत समितीच्या सभापती आल्यात.

माझ्या खत-बियाण्यांच्या दुकानाची मागची भिंत आणि आप्पांची पडवी एकच. त्यामुळे आप्पांची भाषणं मला फुकट आणि सक्तीनं ऐकावी लागतात. ते विकास सोसायटीचे माजी चेअरमन. मागच्या निवडणुकीत पडले. त्यांच्या मते पडले नाहीत, पाडले. काकू नातवंडं सांभाळायला दौंडला मुलाकडे गेल्या आणि तिकडेच रमल्या. तेव्हापासून आप्पांची सभा पडवीत, बाईंपुढे भरते. "इषय मंजूर?" आप्पा विचारतात. बाई ढिम्म. "एकमतानं मंजूर!"

दिवाळीनंतर बाईंनी सभेत गोंधळ सुरू केला. भिंतीकडे तोंड करून मोठमोठ्यानं ओरडायचं, खाऊन झालं की लगेच रिकाम्या ताटलीपुढे उपोषणाला बसायचं. एकदा तर कडक इस्त्रीच्या टोपीत त्यांनी जे काही केलं, ते लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या कुणाला मांजर आजारी वाटली असती. आप्पांना ती फुटलेली वाटली. सोसायटीच्या राजकारणात हयात घालवलेला माणूस दुसरा विचार करूच शकत नाही.

"समोरच्यांनी फोडली," ते मला म्हणाले. "दुपारची कुणाकडं जाती रं?"

"आप्पा, तिला धड चालवत नाही. जाणार कुठं?"

"तू गप. तुझ्या दुकानात बी त्यांचीच पोरं बसत्यात."

मग नाराजांची मनधरणी सुरू झाली. आप्पा माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही. तरी आठवडी बाजारातून मेथीच्या जुडीखाली दडवून त्यांनी सुकट आणली. वास अर्थातच दडला नाही. स्टँडपासून घरापर्यंत निम्मं गाव नाकाला रुमाल लावून त्यांना रामराम करत होतं. बाईंनी सुकट हुंगली, तोंड फिरवलं आणि भिंतीला हाक मारली.

"सुकटीवर बी ऐकंना," आप्पा हताश झाले. "म्हंजी तिकडून लई मोठं कबूल केलं असंल."

शेवटी मीच जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. पेशंट आप्पांचा म्हटल्यावर म्हैसच असणार, अशा समजुतीनं ते भलीमोठी बॅग आणि सलाईनच्या बाटल्या घेऊन आले. मांजर बघून हसले. तपासल्यावर मात्र हसायचे थांबले.

"किडन्या गेल्यात, आप्पा. ऐकू येत नाही, दिसतं अंधुक. आणि म्हाताऱ्या माणसाचं होतं तसं डोकं भरकटलंय. आपल्याच घरात हरवते ती, म्हणून ओरडते. ओळखीचा हात लागला की शांत होईल. औषध देतो, पण आता फार दिवस काढायची नाही."

म्हणजे एवढे ठराव बहिऱ्या सभेनं मंजूर केले होते! मला हसू येत होतं, पण आप्पांकडे पाहिलं आणि ते जागीच विरलं. गप्प बसलेले आप्पा मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला ते अजिबात आवडले नाहीत.

त्यातच सोसायटीची निवडणूक लागली. भांडून दमलेल्या दोन्ही गटांनी आप्पांनाच बिनविरोध चेअरमन करायचं ठरवलं. पडल्या दिवसापासून त्यांना दुसरं काही नकोच होतं. अर्जाच्या शेवटच्या दिवशी शिरूरला न्यायला जीप दारात आली. आप्पा नव्या टोपीत बाहेर आले, जीपमध्ये पाय ठेवला, आणि घरात बाई किंचाळल्या. आप्पा परत गेले. बाहेर आले, पुन्हा किंचाळी.

"तुम्ही जा, मी बसतो तिच्यापाशी," म्हणून मी आत गेलो. बाईंनी माझा हात हुंगला आणि दुप्पट आवाज लावला. आप्पांनी येऊन पाठीवर तळवा ठेवला. घर एकदम शांत झालं.

बाहेर हॉर्न वाजत होता. "आप्पा, चला लवकर! तीनला खिडकी बंद हुती. सही तुमचीच लागती!"

"जावा तुमी," आप्पा आतूनच ओरडले. "दुसऱ्या कुणाला बी करा चेअरमन."

मी चिडलो. "आप्पा, मांजर आहे ती! एवढी वर्षं या दिवसाची वाट बघितली तुम्ही."

"मी पडलो त्या दिशी," आप्पा हात न उचलता म्हणाले, "जीपभर माणसं हुती माझ्यासंगं. समदी चौकातच उतरली. तुझी काकू दौंडला. पोरानं फोन उचलला न्हाई. घरी आलो तर बाई दारात बसल्याल्या. मी पडलोय, हे गावात फकस्त ह्यांनाच ठावं न्हवतं. रोजच्यावानी मांडीवर येऊन झोपल्या."

 त्या दिवशी समोरच्यांचे फटाके वाजले तेव्हा मीही त्या चौकातच उभा होतो.

जीप निघून गेल्याचा आवाज आला. आप्पांनी मान वर केली नाही. बाईंचा डोळा लागला होता.

"चहा आणतो," मी म्हणालो.

"आण," आप्पा म्हणाले. "आन् आज दुकान जरा लवकर बंद कर. बस हितं."