ढोकेबाबूंच्या लॉनचा बहार

अनिल ढोके यांनी घरापुढच्या मोकळ्या जागेत लॉन लावायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या डोक्यात एवढंच होतं की संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर खुर्ची टाकून हिरवळीवर चहा प्यावा. नागपूरला साडूच्या घरी त्यांनी एकदा तसा चहा प्यायला होता. चहा पांचट होता, पण हिरवळ मनात बसली. (पाहुण्यानं चहा पिऊन सरळ घरी यावं. आजूबाजूला पाहू नये.)

पांढुर्ण्याच्या त्या नव्या कॉलनीत तोवर घरापुढे तुळस, कढीपत्ता आणि दोरीवरचे कपडे एवढंच असायचं. नर्सरीच्या गाडीतून गवताच्या गुंडाळ्या उतरू लागल्या, तसे समोरचे शालिकराम रस्ता ओलांडून आले. शालिकरामांची रामाकोन्याला संत्र्याची बाग. मुलांच्या शाळेसाठी ते इथे राहायचे, पण मन तिकडेच झाडांखाली हिंडत असायचं.

"बाबूजी, हे का होय?"

"गवत."

"गवत? इकत आणलं?"

"लॉनचं गवत आहे, शालिकभाऊ. ते वेगळं असते."

"आमचा बाप वावरातलं गवत निंदता निंदता वाकला," शालिकराम म्हणाले, "अन् तुम्ही इकत आणून लावून राहिले! बरं हाये बाप्पा."

पण गवतानं जीव धरला, अंगणात हिरवागार गालिचा पसरला, आणि एका संध्याकाळी हेच शालिकराम फाटकाशी घुटमळत म्हणाले, "आमच्याही घरापुढे होईन काय असं?" मग शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक यशवंतराव आले. मग पलीकडच्या कुसुमताई, ज्या कन्या शाळेत शिकवायच्या. ढोकेबाबू सगळ्यांना "होईल ना!" म्हणाले आणि उभं राहून सगळ्यांची लॉनं लावून दिली. ते एका सरकारी कचेरीत बडे बाबू होते. उभ्या नोकरीत त्यांना कोणी सल्ला म्हणून विचारला नव्हता. विचारली होती ती फक्त फाइल. त्यामुळे लॉनच्या बाबतीत कोणी 'तुम्हीच सांगा' म्हटलं की त्यांची छाती आपोआप फुगायची.

मग त्यांनी गवत कापायचं मशीन घेतलं. कॉलनीत तेवढं एकच. यशवंतरावांनी ते एका दिवसासाठी मागितलं, तर ढोकेबाबू म्हणाले, "गुरुजी, पातं दगडाला लागलं की बिघडते. मीच येऊन कापून देतो."

हे वाक्य त्यांनी निव्वळ मशीनच्या काळजीपोटी उच्चारलं होतं. पण त्या दिवसापासून कॉलनीनं असं धरून ठेवलं की मशीनबरोबर माणूस येतो.

पुढचे सगळे रविवार एकाच साच्यातले. सकाळी यशवंतरावांकडे. गुरुजी दारातच खुर्ची टाकून, कानटोपी घालून, परीक्षेच्या हॉलवर बसल्यासारखे बसलेले. "अनिलराव, तो कोपरा राहिला. हं. आता भिंतीकडचा." तिथून कुसुमताईंकडे. त्या तर्रीपोह्याची बशी घेऊन उभ्याच. "भाऊ, आधी खाऊन घ्या, मग करा." खाल्ल्यावर कोण नाही म्हणेल? तिथून शालिकरामांकडे. ते बोलायचे काहीच नाहीत, नुसते उकिडवे बसून गवताकडे असे पाहायचे की ढोकेबाबूंना आणखी बारीक कापावंसं वाटायचं. घरी येईपर्यंत उन्हं उतरलेली असायची आणि स्वतःचं लॉन तसंच वाढलेलं. ज्या हिरवळीवर बसून चहा प्यायचा होता, तिच्यावर अजून खुर्ची पडली नव्हती. कंबर सरळ व्हायला बुधवार उजाडायचा. पुढे पुढे तर जेवताना ताटात पालक दिसला, तरी ते ताट पुढे सरकवायचे.

"आईकडे जाऊ म्हणता म्हणता दिवाळी झाली," विजयाबाई म्हणाल्या. त्यांचं माहेर सौंसरला, बसनं तासाभराचं. "आई फोनवर विचारते, जावई नोकरीवर आहेत की गवतावर?"

"कोणाला नाही कसं म्हणू, विजया?"

"तोंडानं. करा तालीम माझ्यासमोर. समजा, मी गुरुजी." विजयाबाई सोफ्यावर ताठ बसल्या आणि आवाज जाड केला. "काय अनिलराव, उद्या येऊन राहिले ना?"

"गुरुजी, उद्या जरा..."

"हं. जरा काय?"

"जरा उशीर होईल. आठला आलो तर चालते ना?"

विजयाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "पुन्हा. आता मी कुसुमताई. भाऊ, आमच्या मागच्या अंगणातही गवत लावावं म्हणते."

"लावून देतो ना, ताई. त्यात काय."

"अहो, मागच्या अंगणाचं कुसुमताई कुठं म्हणाल्या? ते मी आत्ता मनानं लावलं! तुम्ही त्यालेही हो म्हणून बसले!"

त्या रविवारी ढोकेबाबू मशीन न घेता घराबाहेर पडले. स्पष्ट सांगायचं, थकलो, आता जमणार नाही. पन्नाशीच्या माणसाला एवढं म्हणता येऊ नये? फाटकापलीकडे यशवंतराव खुर्चीवर होते. ढोकेबाबूंनी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि आतून भलतंच बाहेर आलं.

"गुरुजी, आता कापायचं नाही. आता लॉनला ताण द्यायचा."

संत्र्याच्या बागेला हिवाळ्यात महिना-दीड महिना पाणी तोडतात, पानं मलूल होऊन गळू देतात, आणि मग पाणी सोडलं की झाड फुलानं भरून येतं. हा ताण. पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात हे पाळण्यातलं पोरही जाणतं. पण गवताला ताण देतात, हे जगात पहिल्यांदा त्या फाटकाशी उच्चारलं गेलं.

"अस्सं?" गुरुजींनी कानटोपी वर केली. "म्हणजे पाणी बंद?"

"पाणी बंद, कापणं बंद. हात म्हणून लावायचा नाही."

गुरुजींना पटलं. कुसुमताईंनी तर एका शब्दानं विचारलं नाही. खरी धास्ती शालिकरामांची होती, कारण तो माणूस बागवान. त्यांनी लॉनमधली चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळली, आभाळाकडे पाहिलं.

"गवताले ताण?"

"हो." ढोकेबाबू दुसरीकडेच पाहत म्हणाले.

"काऊन नाही? झाडच हाये शेवटी," शालिकराम म्हणाले. "देऊन पाहू."

आणि ढोकेबाबू सुटले! पहिले काही रविवार ते नुसते झोपले. मग उठून दाढी निवांत केली, पेपर जाहिरातींसकट वाचला. लोकांचं वाळतंय आणि आपलं हिरवं, हे बरं दिसणार नाही म्हणून त्यांनी स्वतःच्या लॉनचंही पाणी तोडलं होतं. सुरुवातीला जीव तुटला. पुढे लक्षात आलं की वाळलेलं गवत वाढत नाही, आणि त्यांना ते पिवळं अंगण फार देखणं वाटू लागलं. एका संध्याकाळी त्यांनी तिथे खुर्ची टाकून चहाही घेतला.

संक्रांतीनंतरच्या रविवारी विजयाबाईंच्या माहेरी हळदीकुंकू होतं. "नऊची बस. या वेळेस नाही गेलो तर मी एकटी जाईन, आणि परत कधी येईन ते सांगत नाही," असं त्या हसत म्हणाल्या होत्या. हसत म्हणाल्या, म्हणूनच ढोकेबाबू घाबरले होते. त्यांनी शब्द दिला.

रविवारी सकाळी विजयाबाई नवी साडी नेसून, तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन तयार होत्या. ढोकेबाबूंनी घराला कुलूप लावलं आणि फाटक ढकललं. फाटक हललं नाही. खांदा लावला, तरी नाही. त्यांनी वरून डोकावून पाहिलं. बाहेर फाटकाला टेकून शेणखताचा छातीएवढा ढीग पडला होता. ढिगामागे रिकामा झालेला ट्रॅक्टर आणि ट्रॅक्टरवर शालिकराम. खाली यशवंतराव आणि कुसुमताई, दोघांच्याही हातात फावडी.

"बाबूजी, ताण तोडायचा टाइम झाला!" शालिकराम ओरडले. "रामाकोन्यावरून खास कुजलेलं खत आणलं, चारही घरांपुरतं. आता समदी माती चाळून मोकळी करू, खत घालू, मंग पाणी सोडू. चार-पाच रविवार मेहनत हाये, पण बहार फुटला पाहिजे. कुठून सुरू करायचं? तुम्हीच सांगा."

'तुम्हीच सांगा' ऐकून ढोकेबाबूंची छाती सवयीनं फुगायला निघाली होती. पण पाठीमागून डब्याच्या झाकणाचा बारीकसा टकटक आवाज आला. विजयाबाई डब्यावर बोटं वाजवत होत्या.

"नाही," ढोकेबाबू म्हणाले.

शब्द इतका मोठ्यानं निघाला की त्यांनी स्वतःच दचकून मागे पाहिलं.

"काय नाही?" गुरुजींनी विचारलं.

"काहीच नाही. गवताला ताण-बिण देत नाहीत, गुरुजी. मी थकलो होतो. सांगायची हिंमत झाली नाही म्हणून तसं बोललो. चूक झाली. पण आता मी कोणाचं गवत कापणार नाही."

शालिकरामांनी ट्रॅक्टर बंद केला.

"म्हणजे रविवारी तुम्ही येणार नाही?" गुरुजींनी सावकाश विचारलं.

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही, गुरुजी. वाईट वाटून घेऊ नका."

यशवंतरावांनी फावडं खतात रोवलं, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "सुटलो!"

"अं?"

"अनिलराव, एकदा मशीन मागितलं होतं हो मी! तर तुम्ही दर रविवारी उजाडताच दारात. शेजारी आपल्या अंगणात घाम गाळून राहिला अन् आपण आत घोरून राहिलो, हे बरं दिसते काय? म्हणून थंडीत खुर्ची टाकून बसत होतो. कोपरे दाखवत होतो ते मले झोप लागू नये म्हणून!"

"अन् मी पोहे करून करून थकली, भाऊ," कुसुमताईंना जोर आला. "हप्त्यात एक सुटी, त्यात सकाळी सकाळी कांदे चिरा. पण तुम्ही एवढ्या हौसेनं येऊन राहिले, तोंडावर नाही कसं म्हणावं?"

"आमच्या घरची तर रोज बोलते," शालिकराम खाली उतरत म्हणाले. "म्हणते, मिरच्या वाळवाले जागा नाही राहिली, थांबवा बाबूजीले. म्या म्हटलं, बाबूजीचं मन मोडीन."

"मग हे खत काऊन आणलं?" ढोकेबाबूंचा आवाज रडवेला झाला.

"तुम्ही ताण म्हणाले! मले वाटलं, आता हा माणूस बहार घेतल्याबिगर सोडत नाही."

मागे विजयाबाई फाटकाला धरून हसत होत्या. इतक्या की डबा आधी खाली ठेवावा लागला.

ढीग बघता बघता उपसला गेला. गुरुजी वांग्यांसाठी घमेली भरून नेत होते, कुसुमताई मेथीसाठी, आणि शालिकरामांची बायको बाहेर येऊन 'मिरच्या इथं, सांभार तिथं' असं वाळवणाची आणि कोथिंबिरीची जागा वाळलेल्या लॉनवर बोटानं आखू लागली होती. लॉन लावताना या मंडळींनी एवढी चपळाई दाखवली असती, तर ढोकेबाबूंना मशीन घ्यावंच लागलं नसतं. ज्या एका 'नाही'साठी त्यांनी सोफ्यासमोर उभं राहून तालीम केली होती, ते तिघांनी बिनातालमीचं, एका दमात म्हणून दाखवलं. तेही त्यांनाच.

नऊची बस मिळाली. खिडकीजवळची जागासुद्धा मिळाली. ढोकेबाबूंना कसं हलकं वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं. पण कुठे तरी बारीक टोचत होतं. थोडा वेळ चुळबुळ करून त्यांनी हळूच विचारलं, "विजया, एक सांग. ते ठीक आहे सगळं. पण मी कापत बरा होतो ना?"

विजयाबाईंनी लाडवांचा डबा मांडीवर नीट ठेवला, पदर सारखा केला, डोकं मागे टेकवलं.

"सौंसर आलं की उठवा मले," त्या म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

बस अजून पांढुर्ण्याच्या स्टँडवरच उभी होती. ड्रायव्हर चहा प्यायला गेला होता.