धाकट्या पंख्याचं बोलावणं

आमच्या गाडीचा धाकटा पंखा बोलावल्याशिवाय फिरत नाही. हे कळायला आम्हाला अकरा दिवस लागले, आणि त्यातले बरेचसे अण्णांच्या हट्टात गेले.

गाडी एकोणीस वर्षांची आहे. तिच्या रेडिएटरपाशी दोन पंखे आहेत. थोरला रोजचा. बाजारात, शाळेत, दवाखान्यात जाताना तोच फिरतो. धाकटा जादा कामासाठी. घाट चढताना किंवा एसी लावल्यावर इंजिन तापू लागलं की त्याने मदतीला यायचं. एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन चिपळूणहून पाटणला निघाले. कुंभार्ली घाटाच्या तिसऱ्या वळणावर काटा लाल रेषेला टेकला आणि बॉनेटमधून वाफ आली. उघडून पाहिलं तर थोरला जिवाच्या आकांताने फिरत होता आणि धाकटा जागचा हललेला नव्हता.

"बघ, गाडीच नको म्हणतेय," अण्णा म्हणाले. त्यांना सुटल्यासारखं वाटत होतं, आणि मला त्याचाच राग आला.

पाटणला सुधाकाका राहतात, अण्णांचे धाकटे भाऊ. दोघांत बावीस वर्षं बोलणं नाही. माझ्या लग्नाचं आमंत्रण अण्णांनी काकांना रजिस्टर पोस्टाने पाठवलं होतं, पोचपावतीसह. अण्णा पोस्टमास्तर होते. माणसाला याहून मोठा मान देता येतो यावर त्यांचा विश्वास नाही. काकांचं म्हणणं, सख्ख्या भावाकडे अक्षता घेऊन स्वतः जावं लागतं. पोचपावती आली, काका आले नाहीत. ज्यांनी मला सायकल शिकवली ते माझ्या लग्नात नव्हते, आणि याबद्दल मी दोघांनाही माफ केलेलं नाही. आता अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं होतं. अण्णा एक्याऐंशीत, काका सत्त्याहत्तरचे. यानंतर बोलावण्याजोगं घरात काही व्हायचं उरलं नव्हतं.

सोमवारी गाडी अल्ताफ परकारांच्या गॅरेजात नेली. त्यांनी फ्यूज पाहिला, चांगला होता. हॉर्नचा रिले काढून पंख्याला लावून पाहिला, काही फरक नाही. बॅटरीवरून थेट वायर दिली तेव्हा पंखा गरगर फिरला, वायर काढताच थांबला. रेडिएटरमधला तापमानाचा स्विच काढून गरम पाण्यात बुडवून पाहिला, तोही ठीक. अल्ताफभाईंनी हात पुसले आणि बराच वेळ पंख्याकडे पाहिलं.

"ह्याला बोलावलं होतं काय?" त्यांनी विचारलं.

"कोणाला?"

"पंख्याला. पाटणला जायचंय म्हणून सांगितलं होतं काय कोणी?"

"नाही," मी म्हणाले.

"मग तो कसा येईल? जुन्या गाड्यांत असतं हे. नव्या गाड्यांतले पंखे नुसती नोकरी करतात. हा घरातला झालाय."

मी शाळेत शास्त्र शिकवते, त्यामुळे ऐकलं ते पडताळून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. मंगळवारी मी गाडी अंगणात चालू ठेवली, एसी लावला आणि बॉनेट उघडून म्हणाले, "चल रे, घाटात जायचंय." पंख्याने तीन फेरे घेतले आणि तो थांबला. मी वहीत लिहून ठेवलं. अल्ताफभाईंना फोन केला.

"ऐकलं त्याने," ते म्हणाले. "पण बोलावणं घरातल्या मोठ्या माणसाचं लागतं. अण्णांना सांगा."

अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. पंख्याला बोलावण्यात त्यांना वावगं काही वाटलं नाही. फक्त पद्धत कोणती याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. त्यांनी टेबलाशी बसून पत्र लिहिलं: "चि. धाकटा पंखा यास अनेक आशीर्वाद. पाटण येथे जाण्याचे योजिले आहे. तरी अगत्य येणेचे करावे." पत्त्यात आमचं घर, आणि खाली, "बॉनेट उघडल्यावर उजवीकडे." पोस्टात जाऊन रजिस्टर केलं.

पत्र शनिवारी आलं. पोस्टमनने पत्ता वाचून बॉनेट उघडायला सांगितलं. पत्र देताना पंखा समोर असायला हवा, एवढाच त्याचा आग्रह होता. पंख्यातर्फे सही मी केली. अण्णांनी पोचपावती नीट घडी करून पाकिटात ठेवली. तिथे आधीच एक जुनी, पिवळी पडलेली पोचपावती होती.

पंखा फिरला नाही. शनिवारी नाही, रविवारी नाही, सोमवारीही नाही. मंगळवारी अण्णा स्वतः गॅरेजात आले आणि त्यांनी पावती अल्ताफभाईंच्या पुढे धरली.

"पत्र पोचलंय. हा पुरावा. तरी येत नाही म्हणजे पंखाच आडमुठा आहे."

अल्ताफभाईंनी पावती वाचली आणि परत दिली. "पोचलं असणारच, अण्णा. पण पोचलं म्हणून कोणी येतं काय? कागद पोचला. तुम्ही कुठे पोचलात?"

संध्याकाळी अण्णांनी माझ्याकडे तांदूळ आणि कुंकू मागितलं.

बुधवारी सकाळी ते धुतलेला सदरा घालून अंगणात आले. त्यांचा प्रश्न एकच होता. पंखा एकोणीस वर्षांचा आहे, तर त्याला अरेतुरे करायचं की आपण म्हणायचं? मी अल्ताफभाईंना विचारून सांगितलं, की थोरल्याला मान असतोच, धाकट्याला द्यावा लागतो. अण्णांनी मान डोलावली. त्यांनी धाकट्या पंख्याला कुंकू लावलं, पात्यांवर अक्षता ठेवल्या आणि हात जोडले.

"उद्या पाटणला जायचं आहे. आपण यावं."

मी गाडी सुरू केली. काटा अर्ध्यावर आला आणि धाकटा पंखा फिरू लागला. अक्षता अंगणभर उडाल्या. मला एकदम रडू आलं. तेही मी वहीत लिहून ठेवलं आहे.

"थोरल्याला दिल्या नाहीत का?" मी विचारलं.

"तो फिरतोच की," अण्णा म्हणाले. "त्याची कधी तक्रार नसते."

गुरुवारी मी रजा टाकली. गाडी घाट चढली. प्रत्येक वळणावर काटा अर्ध्यापर्यंत यायचा आणि मागे जायचा. अण्णा वाटभर खिशातल्या पाकिटावर हात ठेवून बसले होते. ती पिवळी पावती ते काकांना दाखवणार, याची मला भीती होती.

दार काकांनीच उघडलं. ते खूप वाकले होते. "पत्र मिळालं होतं," ते म्हणाले. बावीस वर्षांनी त्यांचं पहिलं वाक्य हे होतं.

अण्णांचा हात खिशाकडे गेला, पण त्यांनी पाकीट काढलं नाही, दुसऱ्या खिशातली पुडी काढली. अक्षता काकांच्या हातावर ठेवल्या आणि हात जोडले.

"पुढच्या रविवारी माझं सहस्रचंद्रदर्शन आहे. आपण यावं."

काका हातातल्या तांदळांकडे पाहत राहिले. मग त्यांनी आमच्यामागे उभ्या गाडीकडे पाहिलं. "ही घाट चढली?"

"धाकट्या पंख्याला बोलावलं होतं," अण्णा म्हणाले.

"कसं?"

"अक्षता देऊन."

"तुम्ही स्वतः, दादा?"

"स्वतः."

काका आत गेले. मला वाटलं, संपलं. ते पिशवीत दोन धोतरं भरून, चपला घालून बाहेर आले. रविवारला अजून दहा दिवस होते. गाडीपाशी येऊन ते थांबले. "परतीचं बोलावणं दिलंत का त्याला?"

अण्णांनी मान हलवली. ते विसरले होते.

"एवढंच विसरता," काका म्हणाले. त्यांनी मला बॉनेट उघडायला लावलं. अक्षता त्यांच्या मुठीतच होत्या. त्यातल्या निम्म्या त्यांनी धाकट्या पंख्यावर ठेवल्या आणि त्याला घरी यायला सांगितलं. मग उरलेल्या घेऊन ते थोरल्यापाशी गेले.

"त्याला नको रे, सुधा," अण्णा म्हणाले. "तो फिरतोच."

"फिरतो म्हणून त्याला कोणी विचारायचंच नाही का?" काका म्हणाले आणि त्यांनी उरलेल्या अक्षता थोरल्यावर ठेवल्या.

अण्णा गाडीत मागे जाऊन बसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. घाट उतरताना काटा अर्ध्याच्याही खाली होता. उतारावर पंख्यांची गरज नसते. दोन्ही फिरत होते.