आठ कुणी पळवला?

टक्. दुपारच्या शांततेत कुठेतरी खडू मोडला.

पाच वर्षांचं पोर जागं असताना घरात शांतता असणं हाच मुळात पुरावा. आणि पुरावा ओळखण्यात अख्ख्या नारपोलीत माझा, म्हणजे निशाचा, हात धरणारं कुणी नाही. दुधावरची गायब साय, सासूबाईंचा हरवलेला चष्मा (त्यांच्याच डोक्यावर होता), सगळी प्रकरणं मी पोळ्या लाटता लाटता सोडवलेली आहेत.

आमच्या मनालीने दारावर लिहिलं होतं: १२३४५६७९.

पुन्हा आठ गायब. बालवाडीच्या बाई कालच म्हणाल्या होत्या, "आठ येईपर्यंत पहिलीची घाई नको." हसून म्हणाल्या, पण मी प्रकरण हाती घेतलंच.

आधी वाटलं, आठाचा आकार घसरगुंडीसारखा, पोरगी घाबरत असेल. मग चुकीचं शिकवल्याचा संशय शेजारच्या रीमावर घेतला. शेवटी जेवून आडव्या झालेल्या मदतनिसाला, म्हणजे विशालला, उठवून मोबाईलवर हिशोबाला बसवलं. नवरा दुसऱ्या कशाला असतो?

"अंकांची बेरीज?"

"सदतीस."

"या संख्येला भाग कशाने जातो?"

"दोनने नाही. तीनने नाही." बऱ्याच वेळाने तो ताठ बसला. "अगं, सदतीसनेच जातो."

"नऊने गुण."

"सगळे एक. ओळीने नुसते एक."

"अठराने?"

"सगळे दोन."

उलगडा झाला. पोरगी थोर गणिती होती, आठ तिने विचारपूर्वक वगळला होता.

"बाईंना कळवायला हवं," मी म्हणाले.

"आधी तिला नाकातलं बोट काढायला सांग."

तेवढ्यात सासरे आपल्या यंत्रमागाच्या कारखान्यातून जेवायला आले. चपला काढता काढता त्यांनी दार वाचलं.

"बरोबर हाय की. रोज माझ्यासंगं लूम मोजत फिरते. सातच्या बाजूला नऊच हाय. आठ नंबरचा लूम भंगारात दिला न्हाय का मी?"

विशालने उशीत तोंड खुपसलं. मी मनालीजवळ बसले, तिचा हात धरून सात आणि नऊच्या मधल्या फटीत आठ काढला. मग खाली तिने एकटीने काढला. वाकडा, पण आठच. माझा जीव भांड्यात पडला.

विशालने नव्या संख्येला नऊने गुणून मोबाईल तिच्यापुढे धरला: ११११११११०१.

मनालीने शून्यावर बोट ठेवलं.

"आई, आता बरोबर लिहिलं ना? मग भोक का पडलं?"