साळूबाईचा अर्ज आणि आठ कोअरचा संगणक

एका जंगलात, मुलांनो, एक संगणक होता. तुमच्या घरी आहे तसाच, फक्त त्याच्यावर धूळ जरा जास्त होती.

तो राजदरबारात असे. नाना कासव तो चालवत. त्या जंगलात साधं बीळ खणायचं तरी राजाची परवानगी लागे. अर्ज संगणकात भरायचा. मग नाना तो कागदावर छापत. मग सिंहमहाराज त्या कागदावर पंजाचा ठसा उमटवत. मग नाना ठशाचा फोटो काढून तो परत संगणकात घालत. असं का, ते विचारू नका. तुम्ही शहाणी मुलं आहात.

महाराज दिवसातले सोळा तास झोपत आणि उरलेल्या वेळात जेवत. त्यामुळे ठसा मिळायला महिना लागे.

एके दिवशी साळूबाई साळिंदर दरबारात आली. तिचं जुनं बीळ ढासळलं होतं आणि दिवस भरत आले होते.

"नाना, अर्ज देऊन वीस दिवस झाले हो. मी काय उघड्यावर बाळंत होऊ? लांडगे टपलेत तिकडे."

"मी तरी काय करू, साळूताई? संगणक फार हळू चालतो."

हे कोण म्हणालं? कासव! आणि हसलं कुणीच नाही.

या बोलण्यानं महाराजांची झोपमोड झाली. ते गुरगुरले, "यावर काहीतरी उपाय करा!"

तेव्हा करकोचा पुढे झाला. तो दर हिवाळ्यात परदेशाहून येई, म्हणून त्याला सगळं कळतं असा समज होता.

"महाराज, तुमच्या संगणकात एकच कोअर आहे. कोअर म्हणजे डोकं समजा. एकटं डोकं बिचारं किती राबणार? आता आठ कोअरवाला आलाय. एका वेळी आठ कामं करतो."

"नाना, आपल्याकडे एका वेळी किती कामं असतात?"

नानांनी पुष्कळ आठवून पाहिलं. "एकच, महाराज."

"शेजारच्या जंगलात चार कोअरवाला आहे," करकोचा हळूच म्हणाला.

"मग आठवालाच मागवा!"

आठवाला आला. माकडांनी नारळ फोडले, मोर नाचले, अस्वलानं भाषण केलं. या आनंदात कचेरी सहा दिवस बंद होती.

नवा संगणक सुरू केला की पडद्यावर महाराज गर्जना करत आणि त्यांची आयाळ वाऱ्यावर उडे. एकेक केस वेगळा दिसे. सात कोअर त्या केसांतच गुंतलेले असत. आठव्यानं साळूबाईचा अर्ज क्षणात उघडला. नानांनी तो छापला आणि महाराजांच्या पंजाजवळ नेऊन ठेवला.

महाराज घोरत होते.

"नाना, पंजा समोरच आहे. कागद हळूच खाली सरकवू का?" साळूबाईनं विचारलं.

नाना घाबरून कवचात शिरले. आतूनच म्हणाले, "नियमात बसत नाही. ठसा जागेपणीच घ्यावा लागतो."

साळूबाई करवंदीच्या जाळीत बाळंत झाली. तीन पिल्लं झाली. त्यातलं एक लांडग्यानं नेलं. सांगताना मला वाईट वाटतं, मुलांनो. दरबारात मात्र त्याची कुठेच नोंद नाही.

चौथ्या दिवशी महाराजांनी ठसा दिला. नानांनी फोटो काढला आणि परवानगी तत्क्षणी बाहेर आली.

"पाहिलंत? डोळ्याचं पातं लवायच्या आत!" महाराज म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

साळूबाई दोन पिल्लं घेऊन उभी होती. "महाराज, माझं एक पिल्लू गेलं. फार उशीर झाला."

टाळ्या थांबल्या. महाराजांनाही खरोखर वाईट वाटलं. त्यांनी एक मोठी जांभई दिली आणि करकोच्याकडे वळून विचारलं, "सोळा कोअरवाला कधी येतोय?"

तात्पर्य: काम अडलं की ताबडतोब नवं यंत्र आणावं. नाहीतर राजाला उठवायचं कुणाच्या तरी मनात येईल.