पटलेमामांची माघार

पेपरात कुठल्याही दोन देशांची जुंपली की आमचे पटलेमामा तो पेपर घेऊन थेट माझ्या ओसरीवर येतात. मी शाळेत जायच्या गडबडीत असलो तरी मला जगाचा नकाशा उघडावा लागतो. मग एका देशावर एक बोट, दुसऱ्यावर दुसरं.

"पाहा मास्तर. याले वाटते मी मोठा, त्याले वाटते मी मोठा. एकबी म्हणून नाई राहिला का चल बाबा, तू मोठा. मंग बॉम्ब नाई पडन तं का फुलं पडन?"

एवढं सांगून ते माझा चहा पितात. जगात शांतता का नांदत नाही, हे मामांना तोंडपाठ आहे.

गंमत म्हणजे हेच मामा आमच्या मंडईचे अध्यक्ष. दिवाळीनंतर आमच्या तिरोड्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्राच, भरते. शेजारची गावं दिवस वाटून घेतात, म्हणजे पाहुण्यांना सगळीकडे जाता येतं. तीन वर्षांपूर्वी आमची आणि नाल्यापलीकडच्या गावची मंडई चुकून एकाच दिवशी आली. तिकडचे अध्यक्ष मामांच्या सख्ख्या बहिणीचे, कमलाबाईंचे, यजमान. तारीख कोणीच हलवेना. आम्ही दोन भोंगे लावले, त्यांनी चार. मग आम्ही सहा. दंडारीचं नाटक बघायला माणसं मात्र दोन्हीकडे निम्मीच. तेव्हापासून दर वर्षी तोच दिवस, आणि मामांचं भाऊबिजेला जाणंही बंद.

"मामा, या नकाशात आपला नाला कुठं आहे?" मी एकदा विचारलं.

"ते येगळं हाये," मामा म्हणाले आणि चहा न पिताच गेले.

यंदा भाऊबिजेनंतरच्या कमिटीच्या बैठकीत मामा एकदम म्हणाले, "आपली मंडई एक दिवस मांगं घ्या."

"काऊन? आपणच कायले झुकायचं?" पोरं उसळली.

"तुम्ही नका झुकू. मी झुकून राहिलो." मामा म्हणाले. "कमला दर भाऊबिजेले ताट करून दारात बसते म्हणे. सांजेपर्यंत उठत नाई."

पोरांनीच वहीतली तारीख खोडली.

तीन वर्षांनी दोन्ही मंडया तुडुंब भरल्या. आमच्याकडे ऐन दंडारीत कमलाबाई ओवाळणीचं ताट घेऊन आल्या. "बस खाली," म्हणाल्या, आणि भर गर्दीत मामांना तीनदा ओवाळलं, चुकलेल्या एकेका भाऊबिजेसाठी. मामा सरळ रडत होते. उठेचनात.

"आणखी एकदा ओवाळ. पुढच्या सालचं."

"पुढच्या सालचं पुढच्या साली," त्या म्हणाल्या. "घरी ये."