अप्पा कार्डाचे दात बघतात

ग्राफिक्स कार्ड घेताना त्याचे दात बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी शिवलिंगअप्पा. लातूरच्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात त्यांनी कार्ड उलटं केलं, खालची दातेरी सोनेरी पट्टी डोळ्यांजवळ नेली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि भर दुकानात म्हणाले, "पूर्ण जुळलेलं हाय हे, समदे दात आलेत. गुर्जी, आपल्याला म्हातारं जनावर घ्यायचंय का?"

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मी छताचा पंखा बघत उभा राहिलो.

अप्पा मूळचे देवणीचे. चाळीस वर्षं बैलांचा व्यापार केला. कपाळावर विभूतीचे पट्टे, खांद्यावर उपरणं आणि नजर अशी, की समोरच्याला वाटावं आपलाच भाव ठरतोय. गुडघे गेले तसा बाजार सुटला, लातूरला घर बांधलं. बैल गेले, पण भाषा काही दावणीवरून सुटली नाही. डॉक्टरबद्दल विचारलं तर म्हणायचे, "जरा मारका हाय, पर कामाला खोट न्हाई." मी नवी स्कूटर घेतली तेव्हा तिच्याभोवती दोन चकरा मारल्या, मागून एक थाप दिली आणि म्हणाले, "पुठ्ठ्यात बसकी हाय. चढाला दम टाकंल." मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी स्कूटर पुलाच्या चढावर बंद पडली, आणि ढकलत आणताना नेमके अप्पाच समोर. काही बोलले नाहीत, हीच काय ती मेहरबानी.

तर असल्या माणसाला गेम खेळायचा कॉम्प्युटर कशाला? तेही सांगतो. त्यात हसण्यासारखं काही नाही.

अप्पांना एकुलता एक मुलगा, महेश. बंगळुरूला नोकरीला. तीन वर्षांपूर्वी त्यानं एक मुलगी घरी आणली, लग्न करायचं म्हणून. दुसऱ्या समाजातली होती. अप्पांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि पाच माणसांत बोलून गेले, "आमी जनावर बी जात बघून घेतो." मी तिथंच बसलो होतो. पोरीनं हातातला चहाचा कप खाली ठेवला. महेशनं बॅग उचलली. लग्न तिकडंच झालं. तो आईला फोन करतो, पण अप्पांनी फोन हातात घेतला की कट.

मग काकूंनी, म्हणजे महेशच्या आईनं, कधीतरी फोनवर बोलता बोलता काढून घेतलं, की महेश रविवारी सकाळी मित्रांबरोबर शेतीचा एक गेम खेळतो. जो तो आपापल्या घरी बसून एकाच शेतात ट्रॅक्टर चालवतो. बाहेरच्याही कुणाला यायचं तर येऊ देतात. दुसऱ्या दिवशी अप्पा माझ्या दारात हजर. "गुर्जी, मला त्या शेतात शिरायचंय."

शाळेतला कॉम्प्युटर मी चालू-बंद करतो, एवढ्यावर गल्लीत मी तज्ज्ञ आहे. कुठून तरी एक जुनं मशीन मिळवलं. महेशला कळू नये म्हणून नाव घेतलं 'रमेश, पुणे'. मी बजावलं, "अप्पा, पुण्यासारखं लिहा बरं का." पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, रमेशभाऊ, पुण्यात पाऊस आहे का? अप्पांनी एका बोटानं टाइप केलं, "न्हाई. ऊन लई हाय." मी कपाळाला हात लावला.

पण जमलं. दर रविवारी दहा ते बारा. महेश लिहायचा, "रमेशभाऊ, डावीकडचं वावर घ्या," की अप्पा डावीकडचं वावर घ्यायचे. बाकी बोलणं काही नाही. "पोराच्या शेजारी नांगराचं तास मारायलोय, गुर्जी," ते मला म्हणायचे. "अजून काय पाहिजे?"

आणि मग त्या गेमची नवी आवृत्ती आली. नव्या गेमला आमच्या मशीनची ताकद पुरेना. अप्पांचा ट्रॅक्टर चिखलात रुतल्यासारखा थांबत थांबत जायचा. एका रविवारी पडदा काळाच झाला. अप्पांनी उपरण्यानं तो काळा पडदा पुसून पाहिला. "पोरगं पुढच्या वावरात गेलं," म्हणाले, "आनि मी बांधावरच राहिलो."

म्हणून त्या दुकानात गेलो. दुकान शबानाबाजींचं. बाई हुशार. सगळं ऐकून घेतलं आणि एक वापरलेलं भलंमोठं कार्ड पुढं केलं. "अप्पा, प्रोसेसर बदलना नक्को. जुनाच राहू द्या. कार्ड तगडं टाका बस."

दोन्हींत फरक काय ते अप्पांनी विचारलं. त्या म्हणाल्या, प्रोसेसर हिशेब करतो, कार्ड चित्र काढतं, दोघं मिळून गेम चालवतात.

"म्हंजी जोडी हाय."

"हौ, जोडीच समजा."

"मग एक बैल तगडा आनि एक मरतुकडा जुपला तर काय हुतंय, बाई? तगडा तरातरा निघतोय, मरतुकडा जागेवर बसतोय. तगड्याचा बी पैसा वाया. जोड जमली पाहिजे."

शबानाबाजी माझ्याकडं बघायला लागल्या. "गुरुजी, ये तो एकदम बराबर बोल रहे." मीही जाणकारासारखी मान हलवली. खरं तर मलाही ते तेव्हाच कळलं होतं.

दात बघणं झालं ते याच कार्डाचं. नंतर अप्पांनी ते नाकाला लावलं. "करपलंय. रातंदिस जुपलंय ह्याला कुनीतरी." बाजींनी कार्ड उचलून परत कपाटात ठेवलं. कुणीतरी कॉम्प्युटरवरचे पैसे, ते बिटकॉइन का काय, कमवायला ते वर्षभर अखंड चालवलं होतं म्हणे.

शेवटी मध्यम ताकदीची, नवी कोरी जोडी ठरली. आता भाव. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरायची, आकडा बोटांनीच कळवायचा. अप्पांनी सवयीनं उपरणं काउंटरवर पसरलं, हात पुढं केला आणि समोर बाई आहे हे ध्यानात येताच चटका बसल्यासारखा मागं घेतला. "शिव शिव!" मग दुसरा उपाय म्हणून माझाच हात उपरण्याखाली ओढला आणि दोन बोटं करकचून दाबली. मी काय समजायचं? म्हटलं, "बाजी, अप्पांना कार्डं दोन पाहिजेत." त्यांनी दोन खोकी काढून ठेवली.

"अवो गुर्जी, दोन हजार कमी करा म्हनलं!"

बाजी इतक्या हसल्या, की हजार रुपये त्यांनी आपणहून सोडले.

पण कार्ड बसवायला गेलं तर चार बोटं लांब. जुन्या डब्यात मावेना. "गोठाच लहान निघाला," अप्पा म्हणाले. मोठा डबा नांदेडहून यायचा होता, तोवर मशीन दुकानातच राहिलं. त्यात आठ दिवस गेले आणि दुसराही रविवार हुकला. त्या रविवारी मी सहज गेलो, तर दहा वाजता अप्पा मोकळ्या टेबलासमोर खुर्ची घेऊन बसलेले.

"गुर्जी," ते म्हणाले, "चाळीस वर्सं मुक्या जनावराचं मन वळखलं. त्या पोरीचं तोंड कसं उतरलं, ते तेवढं दिसलं न्हाई मला. आता दिसतंय. रोज दिसतंय."

काकूंनी चहा आणला, अप्पांचा कप मी त्यांच्यापुढं सरकवला.

तिसऱ्या रविवारी मशीन आलं. अप्पांनी डब्याला विभूती लावली. मी बटण दाबलं. शेत असं लख्ख उघडलं, की ओंब्यांतले दाणे मोजून घ्यावेत. महेशचा ट्रॅक्टर समोरच उभा होता. अप्पांचा ट्रॅक्टर दिसताच कोपऱ्यात अक्षरं उमटली.

"दोन रविवार कुठं होता? तब्येत बरी आहे ना?"

थोड्या वेळानं दुसरी ओळ आली.

"अप्पा, गुडघ्यांचं ऑपरेशन तर नाही ना केलं?"

अप्पांनी ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली. "गुर्जी, हे मलाच लिवलंय का?"

"तुम्हालाच."

"कवापासनं वळखलं, इचारा."

मी टाइप केलं. उत्तर लगेच आलं. "पहिल्या रविवारपासून."

अप्पांनी कीबोर्ड माझ्याकडंच सरकवला, म्हणून पुढचंही मीच लिहिलं. "लिव्हा, मशिनीत दम नव्हता. मी बरा हाय." मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "आनि लिव्हा, सूनबाईला सांग, माजं चुकलं. लई वंगाळ बोललो मी."

मी लिहिलं. समोरचा ट्रॅक्टर जागचा हलेना. काकू दारात उभ्या होत्या, त्याही हलेनात. मग ओळ आली.

"ती इथंच बसलीय. तिलाच सांगा. आईच्या फोनवर व्हिडिओ कॉल करतोय."

अप्पा ताडकन उठले. गुडघ्यांचं भान राहिलं नाही. अंगात नुसती बंडी होती. "अगं, सदरा दे माजा! धुतलेला दे!"

काकूंनी धावत जाऊन सदरा आणला. अप्पा त्यात घाईघाईनं हात घालत होते आणि एकेक बटण शोधत होते. फोन वाजला तेव्हा गळ्याजवळची दोन बटणं अजून लावायची राहिलीच होती.